मुक्या प्राण्यांचा निवारा : इमारत कशी असावी?



गेल्या हनुक्काच्या सुट्टीत माझी थोरली नात एक मोठा कागद गुंडाळी करून घरी घेऊन आली. एरवी ती मला ‘सावता’ म्हणते, पण काही काम असले की ‘आजी’ म्हणते. त्या दिवशी दारातूनच ‘आजी’ अशी हाक आली, तेव्हाच मी ओळखले. तिच्या मित्रमंडळींना जवळच्या मोशावमधली कोंबड्यांची एक जुनी शेड, म्हणजे लूल, वापरायला मिळाली आहे. तिथे बेवारशी कुत्र्या-मांजरांसाठी निवारा करायचा त्यांचा बेत आहे. कागदावर त्याचा नकाशा होता. मधोमध एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर बारा-बारा खोल्या, आणि बोळाच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उघडा चर. मांजरे शेवटच्या खोलीत.

नकाशा नीटनेटका काढला होता. पण पाहताच माझ्या पोटात गोळा आला, कारण अगदी अशाच एका इमारतीत मी निवृत्तीनंतर दीड वर्ष सेवा केली आहे. तिचे नाव सांगत नाही. तिथली माणसे मनाने चांगली होती. एका उन्हाळ्यात तिथे पार्व्हो नावाचा कुत्र्यांचा रोग शिरला आणि तीन आठवड्यांत नऊ पिल्ले गेली. सकाळी आजारी पिल्लांना पाणी पाजून मी त्याच चपला पायांत ठेवून शेजारच्या निरोगी पिल्लांकडे जात असे. कोणी मला अडवले नाही, कारण इमारतीत अडवणारी एकही भिंत नव्हती. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर मुलांना जंतूंचा धडा शिकवला, आणि स्वतः मात्र त्या परीक्षेत नापास झाले. म्हणून हा लेख लिहीत आहे. आपल्या समाजातली पुष्कळ तरुण मुले हल्ली अशा कामात आहेत. त्यांच्या आई-वडिलांनी हा त्यांना वाचून दाखवावा.

भिंती आखण्यापूर्वी एक हिशेब करावा लागतो. तो तिसरीतल्या मुलालाही जमेल. रोज सरासरी किती प्राणी येतात, आणि एक प्राणी सरासरी किती दिवस राहतो, या दोहोंचा गुणाकार म्हणजे एका वेळी लागणाऱ्या जागा. मुलांचा अंदाज होता की रोज सरासरी एक कुत्रा येईल. तो किती दिवस राहील, असे मी विचारले. कोणी म्हणाले चाळीस दिवस. मग ४० खोल्या हव्यात, आणि नकाशात तर २४ आहेत! म्हणजे चोविसाव्या दिवशी निवारा भरणार आणि पंचविसाव्या दिवशी एका खोलीत दोन कुत्रे कोंबावे लागणार. दोन-चार खोल्या धुण्यासाठी आणि अचानक येणाऱ्या गर्दीसाठी रिकाम्या ठेवायच्या तर हाताशी २० च राहतात. तेव्हा प्रत्येक कुत्र्याचा मुक्काम सरासरी २० दिवसांच्या आत यायला हवा.

इथे मुले म्हणाली की आपण खोल्या वाढवू. हा उपाय दिसतो तितका खरा नाही. खोल्या वाढल्या की धुणाऱ्यांचे हात तेच राहतात, आणि वाढलेल्या खोल्याही काही महिन्यांत भरतात. मुक्काम कमी करणे हाच खरा उपाय आहे, आणि त्याचा इमारतीशी जवळचा संबंध आहे. पुष्कळ निवाऱ्यांत कुत्रा आला की पाच दिवस तपासणीची वाट पाहतो, मग लशीची, मग नसबंदीच्या शस्त्रक्रियेची, आणि शेवटी फोटो निघायची. त्याचे निम्मे आयुष्य तिथे रांगेत जाते. म्हणून तपासणीची खोली प्रवेशद्वाराला लागूनच हवी. प्राणी आत पाऊल टाकतो त्याच घटकेला त्याला लस टोचली जावी, वजन व्हावे, कातडीखालची चिप वाचली जावी, फोटो निघावा. हे टेबल जर बोळाच्या शेवटी असेल, तर प्रत्येक नवा प्राणी आपला रोग घेऊन सगळ्या खोल्यांपुढून मिरवत जाणार.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपण बांधतो आहोत ते काय, हे आधी ठरले पाहिजे. मुंबईत वाढलेल्यांना भुलेश्वरचा पांजरापोळ आठवत असेल. १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून मुंबईत पारशी मंडळींनी मोठा दंगा केला, आणि त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठ मंडळींच्या पुढाकाराने हा पांजरापोळ उभा राहिला. लहानपणी वडिलांबरोबर त्या बाजूला गेले की गाईंना घास घालायचा हट्ट मी धरीत असे. पण पांजरापोळात आलेले जनावर तिथेच म्हातारे होते आणि तिथेच मरते. त्याचा मुक्काम दिवसांत मोजायचा नसतो, वर्षांत मोजायचा असतो. तशी संस्था काढायची असेल तर मोकळे अंगण, सावली आणि कायमचा पैसा लागतो. ज्या घरातून प्राणी दुसऱ्या घरी पाठवायचे ते वाटेवरचे घर वेगळे. नकाशा वाटेवरच्या घराचा आणि वागणूक पांजरापोळाची, असे झाले की दोन्ही बिघडतात. माझ्या मते बहुतेक निवारे इथेच फसतात.

आता रोगाकडे वळू. पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. कुत्रा आजारी दिसू लागण्याच्या आधीच तो विष्ठेतून पडू लागतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण आठवडा, कधी दोन आठवडेही जातात. म्हणजे दारात आलेले गुटगुटीत पिल्लू निरोगी आहे असे नुसत्या डोळ्यांनी कोणीच सांगू शकत नाही. हाताला चोळायच्या अल्कोहोलने हा विषाणू मरत नाही. एकोनॉमिकाने मरतो, पण एका अटीवर. विष्ठा आणि माती आधी साबणाने धुऊन काढली पाहिजे, नाही तर ब्लीचची शक्ती त्या घाणीतच संपते. शिवाय लघवीवर ब्लीच ओतले तर घसा जाळणारा वायू निघतो. ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी ३२ भाग असे मिश्रण करून ते १० मिनिटे जमिनीवर राहू द्यावे, मग धुऊन कोरडे करावे. बाटलीवर टक्के किती लिहिले आहेत ते वाचूनच प्रमाण धरावे.

मात्र ब्लीच कितीही ओतले तरी जमीनच भेगाळलेली असेल तर काय उपयोग? साधे सिमेंट पाणी पिते, आणि पाण्याबरोबर बाकी सगळेही पिते. त्यावर इपॉक्सीसारखा न झिरपणारा थर हवा. तो गुळगुळीत नको, नाही तर कुत्र्यांचे पाय घसरतात. किंचित खरखरीत असावा. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी, म्हणजे कोपऱ्यात घाण साचत नाही. मातीचे अंगण तर मुळीच निर्जंतुक करता येत नाही. म्हणून लस पुरी न झालेल्या पिल्लांना मातीच्या अंगणात सोडू नये. त्यांच्यासाठी छोटे फरशीचे अंगण वेगळे करावे.

मग तो चर. माझ्या आजोबांचा गोठा त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात होता. घाण्याचा बैल, एक गाय आणि तिचे वासरू. शनिवारी घाणा बंद, त्यामुळे बैलालाही शब्बाथ. त्या गोठ्याला कोणी इंजिनिअर लागला नव्हता, पण जमिनीला मागच्या बाजूला उतार होता, मूत चरातून लगेच बाहेर जाई आणि माडाच्या आळ्यात पडे. वासराची जागा उताराच्या वरच्या अंगाला असे. मोठ्या जनावराचे पाणी वासराच्या पायाखालून कधी वाहत नसे. आजोबांना विषाणू ठाऊक नव्हता, पण पाणी कुठून कुठे जाते हे ठाऊक होते. नातीच्या नकाशात मात्र पहिल्या खोलीचे पाणी चोवीस खोल्यांच्या दारांवरून वाहून शेवटी मांजरांच्या उंबऱ्याशी जात होते!

मी तिला सांगितले की प्रत्येक खोलीला स्वतःची जाळी आणि स्वतःचा ट्रॅप दे, आणि नळ जमिनीखाली जोड. एका खोलीचे पाणी दुसऱ्या खोलीत दिसताच कामा नये. उतार दर मीटरला २ सेंटिमीटर पुरतो. खोली ३.६ मीटर लांब असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन सुमारे ७ सेंटिमीटर उतरेल. याहून कमी असला तर डबकी साचतात.

३.६ मीटर का, तर प्रत्येक खोलीचे दोन भाग हवेत. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते. खोली एकच असली की धुताना कुत्रा आतच असतो. त्याच्या अंगावर पाणी उडते, तो थंडीने आणि भीतीने थरथरतो, किंवा त्याला बाहेर काढून बोळात बांधतात आणि तो शेजाऱ्याला नाक लावतो. दिवसातून दोनदा, वर्षभर! याऐवजी सुमारे १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर लांब असे दोन भाग करावे आणि मध्ये वर सरकणारे दार ठेवावे. दाराची दोरी बोळातून ओढता आली पाहिजे. कुत्रा एका भागात असताना दुसरा धुवावा, वाळू द्यावा, मग त्याला तिकडे जाऊ द्यावे. कुत्र्याला हात लावावा लागत नाही, चावण्याचा धोका टळतो, आणि कुत्र्यालाही झोपायची जागा आणि घाण करायची जागा वेगळी मिळते. हा जातीने स्वच्छ प्राणी आहे. आपणच त्याला घाणीत झोपायला लावतो. जमिनीपासून उचललेली एक खाट प्रत्येक खोलीत हवी. खर्च वाढतो हे खरे. पण जुन्या इमारतीतही शेजारशेजारच्या दोन खोल्यांच्या भिंतीत दार पाडून हे साधते. खोल्या निम्म्या होतील, तरी मी तोच सौदा करीन.

नातीने लगेच विचारले की लूल दहा मीटर रुंद आहे, त्यात हे बसणार कसे? आम्ही दोघी पट्टी घेऊन बसलो. मधला बोळ काढून टाकला आणि खोल्यांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून मधोमध ठेवल्या. दोन रांगांचे ७.२ मीटर झाले, दोन्ही बाजूंना १.४ मीटरचा एकेक बोळ उरला. आता कोणताही कुत्रा दुसऱ्याच्या तोंडासमोर नाही. त्याला समोर खिडकी आणि बाहेरचे झाड दिसते. प्रत्येक रांगेत चार-चार खोल्यांनंतर छतापर्यंत भिंत घातली. आठवड्यात आलेले चार कुत्रे एका गटात, पुढचे चार दुसऱ्यात. रोग शिरलाच तर चारांपुरता. सगळी शेड बंद करायची पाळी येणार नाही.

समोरासमोर खोल्या नसण्याचे दुसरे कारण आवाज. कुत्र्यांच्या शेडमध्ये भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल की १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज काम करणाऱ्याचे कान हळूहळू बिघडतात. इथे तर त्याच्या तीसपटीहून जास्त. सिमेंट, फरशी आणि पत्रा यांवर आदळून तो आवाज परत येतो. आवाज शोषणारे, ओले झाले तरी न कुजणारे तक्ते छताला लावावे, म्हणजे नळीचे पाणी तिथे पोचत नाही. आणि समोरचा शेजारी दिसेनासा झाला की निम्मे भांडण तसेच मिटते. माणसांचेही असेच असते, पण तो विषय निराळा.

या गोंगाटाचा खरा बळी मांजर. कुत्र्यांच्या भुंकण्याने मांजर खाणे सोडते, कोपऱ्यात दबून बसते. बहुतेक मांजरांच्या अंगात लहानपणी शिरलेला एक नागीण जातीचा विषाणू झोपलेला असतो; ताण आला की तो जागा होतो, मग शिंका, डोळ्यांतून पाणी, आणि पाहता पाहता सगळी खोली आजारी. म्हणून मांजरांची जागा कुत्र्यांपासून दूर, शक्य तर वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या दाराने असावी. पिंजरा निदान एक चौरस मीटर जमिनीचा. खाण्याची वाटी आणि शौचाची पेटी यांत ६० सेंटिमीटर अंतर. आत चढून बसायला फळी आणि लपायला खोके. पुठ्ठ्याचे खोके फुकट मिळते, औषध नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात पिल्लांचा लोंढा येतो, त्यासाठी एक रिकामी खोली राखावी. आपल्या गल्लीतल्या हिरव्या कचरापेट्यांभोवती पाहिले म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

हवेचे गणितही सोपे आहे. खोलीतली सगळी हवा तासाला दहा ते वीस वेळा बदलली पाहिजे, आणि ती बाहेरून ताजी आली पाहिजे. तीच हवा थंड करून परत फिरवणारा मझगान इथे पुरत नाही. समजा खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. हवा ९० घनमीटर. तासाला १२ वेळा बदलायची तर पंख्याने तासाला १,०८० घनमीटर हवा बाहेर फेकली पाहिजे. पंखा घेताना दुकानदाराला हाच आकडा विचारावा. आणि हवा चांगली आहे का, हे पाहायला उभे राहू नये. जमिनीवर कुत्र्याशेजारी पाच मिनिटे बसावे. डोळे चुरचुरले तर पंखा कमी पडतो आहे.

आजारी प्राण्यांची खोली मुख्य शेडला चिकटून नको. तिला स्वतःचे दार बाहेरून, स्वतःचा पंखा, स्वतःचा ट्रॅप, स्वतःची झाडू-बादली, आणि आत शिरताच बूट व झगा बदलायची जागा. आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. म्हणून ही खोली पूर्वेच्या टोकाला असावी. कामाचा क्रम नकाशावरच बाणांनी दाखवावा. सकाळी आधी निरोगी पिल्ले, मग मोठे कुत्रे, सर्वांत शेवटी आजारी. मी हाच क्रम उलटा केला होता.

माणसाला चावलेला कुत्रा १० दिवस निगराणीखाली ठेवण्याचा इस्राएलात कायदा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला असेल तर या मुदतीत लक्षणे दिसतातच. अशा कुत्र्याची जागा शहराचा पशुवैद्य सांगेल तिथे. स्वयंसेवक मुलांनी ती जबाबदारी स्वतःच्या नकाशात घेऊ नये. १९९४ च्या प्राणिरक्षण कायद्याचीही एक प्रत कचेरीत असावी.

उन्हाविषयी इथल्या माणसाला काय सांगावे! शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम असावी, पश्चिमेची भिंत बंद, दक्षिणेला रुंद पडवी. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. हवा दमट झाली की धाप लागूनही अंग थंड होत नाही, म्हणून भर दुपारी फरशीवर पाणी मारून ठेवणे चुकीचे. आणि जुन्या लूलचे छप्पर आधी तपासून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असते. २०११ च्या कायद्यानुसार ते परवानाधारक ठेकेदारानेच काढायचे असते. मुलांनी शिडी लावून ते स्वतः फोडायचे ठरवले होते! त्या दिवशी मी आवाज चढवला, आणि त्याचा मला खेद नाही.

माणसांसाठी दोन दारे असावीत. एक प्राणी नेणाऱ्यांचे, एक प्राणी सोडायला येणाऱ्यांचे. घर बदलावे लागले म्हणून दहा वर्षांचा कुत्रा सोडायला आलेली बाई रडत असते. तिला हसऱ्या मुलांच्या गर्दीतून जायला लावू नये. शिवाय एक छोटी खोली घरासारखी सजवावी, सतरंजी आणि जुना सोफा टाकून. पिंजऱ्यात उड्या मारणारा कुत्रा सोफ्यापाशी कसा शांत बसतो, हे तिथेच कळते. धान्याचे कोठार उंदीर शिरणार नाहीत असे असावे, आणि धुण्याचे यंत्र मोठे घ्यावे. बाकी कचेरी वगैरे कशीही चालेल.

पेसाहनंतर नवा नकाशा आला. खोल्या आता पाठीला पाठ आहेत, मांजरे कोंबड्यांचे खाद्य साठवायच्या जुन्या खोलीत हलवली आहेत, आणि पूर्वेच्या टोकाची अंडी निवडायची खोली आजाऱ्यांसाठी ठेवली आहे. छपराचा खर्च कोण देणार हे अजून ठरलेले नाही. इरियाला अर्ज केला आहे. आजाऱ्यांच्या खोलीत बूट बदलायचे बाक आहे, पण हात धुण्याची मोरी मुले विसरली होती. तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण करून नकाशा परत पाठवला आहे.